हरल्यानंतरचा दिवस : लोकशाही आणि हुकूमशाही यांच्या बातम्या कशा वाचाव्यात

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका घराच्या माडीवर दर रविवारी सकाळी आम्ही नऊ-दहा जण जमतो. त्यांत दोन निवृत्त शिक्षक, एक वकील, शिरोलीला फौंड्री चालवणारे एक गृहस्थ, एका गावच्या दूध संस्थेचे सचिव आणि विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली आहेत. जगात लोकशाही आणि एकाधिकारशाही यांच्यात जी झुंज चालली आहे, तिच्या बातम्या एकत्र वाचायच्या आणि त्यांवर बोलायचे, एवढाच या बैठकीचा हेतू आहे. पहिले सहा महिने ती अगदी वाईट चालली. पुतिन यांचे नाव निघाले की निम्मे लोक ‘काही म्हणा, माणूस खमका आहे’ म्हणत आणि उरलेले कपाळाला आठ्या घालत. मग वाद घसरत घसरत आपल्याकडच्या पक्षांवर येई, आवाज चढत आणि चहा आला की विषय मिटे. कोणाचेही मत तसूभर हलत नसे, कारण आम्ही बातमीतल्या माणसांबद्दल बोलत होतो आणि राज्य कसे चालते याबद्दल बोलतच नव्हतो. पुढे ठेचकाळत एक पद्धत बसत गेली. आपल्या पेठेत, गावात किंवा महाविद्यालयात असा गट सुरू करू पाहणाऱ्यांसाठी ती येथे मांडत आहे.

सुरुवात एकाच प्रश्नाने करावी

कोणत्याही देशाची बातमी हातात आली की ‘तिथे निवडणुका होतात का’ हा प्रश्न आधी विचारू नये. निवडणुका आता जवळपास सगळीकडेच होतात. रशियात होतात, बेलारूसमध्ये होतात, आणि इराकमध्ये सद्दाम हुसेन यांच्या काळात २००२ साली झालेल्या सार्वमतात तर त्यांना शंभर टक्के मते पडल्याचे जाहीर झाले होते. विचारायचा प्रश्न असा, की सत्तेवर बसलेला माणूस हरला तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते? तो उठून जातो का, त्याला घालवावे लागते का, की तो हरणारच नाही अशी तजवीज आधीच करून ठेवलेली असते?

हा प्रश्न समजावून देण्यासाठी आम्ही नव्या सभासदाला आधी गांबियाची गोष्ट सांगतो. पश्चिम आफ्रिकेतल्या या चिमुकल्या देशात साक्षरता कमी असल्यामुळे मतदान काचेच्या गोट्यांनी होत आले आहे. प्रत्येक उमेदवाराचा एक पत्र्याचा पिंप असतो, मतदार नळीतून त्यात गोटी सोडतो आणि आतल्या घंटीचा आवाज होतो. दोनदा आवाज आला तर कोणीतरी दोन गोट्या टाकल्या हे बाहेर बसलेल्यांना कळते. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकलींना बंदी असते, कारण सायकलच्या घंटीने घोटाळा होईल. इतक्या साध्या यंत्रणेने १ डिसेंबर २०१६ रोजी मतदान झाले आणि १९९४ च्या लष्करी उठावापासून बावीस वर्षे सत्तेत असलेले याह्या जामे हरले. त्यांनी विजयी उमेदवार अदामा बॅरो यांना फोन करून अभिनंदनही केले. आठवड्याभरात मात्र त्यांचे मन फिरले आणि निकाल मान्य नसल्याचे त्यांनी जाहीर केले. बॅरो यांना १९ जानेवारी २०१७ रोजी शेजारच्या सेनेगलमध्ये, आपल्याच देशाच्या वकिलातीत शपथ घ्यावी लागली; पश्चिम आफ्रिकेतल्या शेजारी देशांच्या फौजा सीमा ओलांडून आत आल्यावर जामे देश सोडून गेले. मतदानात काही खोट नव्हती. जी काही परीक्षा होती ती त्यानंतरच्या सात आठवड्यांची होती.

आपल्या भाषेत सांगायचे तर खासबागेतल्या मैदानात कुस्ती लागते तेव्हा प्रेक्षक जिंकणाऱ्याकडे पाहतो आणि जाणता वस्ताद हरणाऱ्याकडे पाहतो. चितपट झालेला पैलवान पंचाचा निर्णय मानून हौद्याबाहेर जातो, आणि त्याला पुढच्या मैदानात पुन्हा लंगोट कसून उतरता येते. यांतले एकही घडत नसेल तर ती कुस्ती नव्हे, मारामारी आहे.

याच्या जोडीला चिलीचे उदाहरण ठेवावे, कारण ते बरोबर उलट्या बाजूने येते. जनरल पिनोशे यांनी १९७३ साली उठाव करून सत्ता घेतली होती. आपली मुदत वाढवण्यासाठी त्यांनी ५ ऑक्टोबर १९८८ रोजी सार्वमत घेतले आणि त्यात सुमारे ५६ टक्के लोकांनी ‘नको’ म्हटले. त्या रात्री सरकारी निकाल रेंगाळत असताना हवाई दलाचे प्रमुख फर्नांदो माथेई बैठकीसाठी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरता शिरता पत्रकारांना ‘नको’ जिंकल्याचे सांगून बसले, आणि मग आकडे फिरवायला वावच राहिला नाही. हुकूमशहा एकटा नसतो. त्याच्या भोवतीच्या चार माणसांनी नेमक्या क्षणी काय केले, हे नेहमी नोंदवावे.

वही कशी ठेवावी

प्रत्येक सभासदाने एक देश निवडावा आणि किमान सहा महिने तो सोडू नये. आज व्हेनेझुएला, उद्या म्यानमार असे उडत राहिल्यास धक्का बसतो, पण समज येत नाही. दोनशे पानी वहीत देशाच्या नावाखाली पाच रकाने आखावेत : पंच, मोजणी, विरोधक, बातमी आणि मुदत. प्रत्येक नोंदीला तारीख हवी. नोंदीत क्रियापद असावे, विशेषण नसावे. ‘जुलमी सरकार’ असे लिहिले तर ते खोडायचे आणि त्या सरकारने त्या दिवशी नेमके काय केले ते लिहायचे, हा आमचा नियम आहे. ‘हुकूमशहा’ आणि ‘देशद्रोही’ हे दोन शब्द वहीत लिहिण्यास मनाई आहे. बोलताना कोणी वापरले तर चहाचे पैसे त्याने द्यावेत, असेही ठरले आहे आणि त्यामुळे वकीलसाहेबांचा बराच खर्च झाला आहे.

पाच रकान्यांपैकी पहिला सर्वांत अवघड आहे, कारण त्यातल्या बातम्या कंटाळवाण्या असतात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. पंच म्हणजे न्यायालये, निवडणूक आयोग, हिशेबतपासणीस, म्हणजे सत्ताधाऱ्याला ‘थांबा’ म्हणू शकणाऱ्या संस्था. त्यांच्यावर उघड हल्ला क्वचितच होतो. बदलतात ते आकडे. व्हेनेझुएलात राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांच्या काळात, २००४ साली, सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या २० वरून ३२ करण्यात आली आणि नव्या जागा सरकारधार्जिण्या माणसांनी भरल्या. हंगेरीत २०१० साली व्हिक्टर ओर्बान यांच्या आघाडीला सुमारे ५३ टक्के मते आणि दोन तृतीयांश जागा मिळाल्या. त्या बळावर घटना न्यायालयाचे सदस्य ११ वरून १५ केले गेले, न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले गेले आणि शेकडो अनुभवी न्यायाधीश एका फटक्यात घरी बसण्याची वेळ आली. हा वयाचा कायदा पुढे न्यायालयांनी चुकीचा ठरवला, पण तोपर्यंत अनेक खुर्च्यांवर दुसरी माणसे बसली होती. यांतली प्रत्येक गोष्ट संसदेत मतदान घेऊन, राजपत्रात छापून झाली. म्हणून बातमीत संख्या, वय किंवा नेमणुकीची पद्धत बदलल्याचे दिसले की ती ओळ अधोरेखित करावी.

हे समजायला परदेशी जाण्याचीही गरज नाही. आपल्या भागात सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे, त्याला याचे अर्धे शिक्षण फुकट मिळालेले असते. मी सभासद असलेल्या एका पतसंस्थेच्या सभेची गोष्ट सांगतो. सभा अकराची होती, पण पुढच्या सहा रांगा साडेनवालाच भरलेल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना मी संस्थेत कधी पाहिले नव्हते. अहवालाची पुस्तिका हातात पडली तेव्हा सचिवांनी विषय वाचायला सुरुवातही केली होती. ते ‘विषय क्रमांक एक’ म्हणाले की पुढून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होई. आमच्या मागच्या रांगेतून ‘नामंजूर’ असे ओरडणाऱ्यांचा आवाज ध्वनिक्षेपकापुढे कुठे लागणार? सातवा विषय पोटनियम दुरुस्तीचा होता. संचालकपदासाठी उभे राहायला लागणारी किमान ठेव त्यात कितीतरी पटींनी वाढवलेली होती. तोही गजरात गेला, राष्ट्रगीत सुरू झाले आणि सगळे उठून उभे राहिले. पुढची निवडणूक बिनविरोध झाली आणि फलकावर ‘सभासदांच्या विश्वासाबद्दल आभार’ असे मोठ्या अक्षरात झळकले. कोणाला मारहाण झाली नाही, कोणाला सभागृहाबाहेर काढले नाही, एकही नियम मोडला गेला नाही. चीनच्या राष्ट्रीय लोक काँग्रेसने मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा २,९५८ विरुद्ध २ मतांनी काढून टाकली, ही बातमी मी वाचली तेव्हा मला त्या सभेतला तो गजर ऐकू आला.

त्यामुळे ‘मुदत’ या रकान्यावर फार वेळ घालवावा लागत नाही. रशियात २०२० च्या घटनादुरुस्तीने पुतिन यांच्या आधीच्या मुदती मोजणीतून वगळल्या आणि त्यांना २०३६ पर्यंत राष्ट्राध्यक्ष राहण्याची वाट मोकळी झाली. कारणे वेगवेगळी दिली जातात, स्थैर्य, अपुरी राहिलेली कामे, जनतेचा आग्रह. पण दुरुस्तीचा लाभ दुरुस्ती करणाऱ्यालाच होणार असेल तर नोंद करायला तेवढे पुरे आहे.

मोजणीचा रकाना मात्र मन लावून भरावा. व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ रोजी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. निवडणूक मंडळाने सत्तेवर असलेले निकोलस मादुरो विजयी झाल्याचे सांगितले, परंतु केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध केले नाहीत. तिथल्या यंत्रातून मतदान संपल्यावर निकालाची पावती निघते आणि तिची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. विरोधकांनी ही तयारी आधीच करून ठेवली होती. त्यांच्या हजारो कार्यकर्त्यांनी त्या लांबलचक पावत्या केंद्रांबाहेर सुखरूप आणल्या, आणि सुमारे ३०,००० यंत्रांपैकी ८० टक्क्यांहून अधिक पावत्यांची छायाचित्रे सर्वांना पाहता येतील अशी खुली केली. त्यांनुसार विरोधकांचे उमेदवार एडमुंडो गोन्झालेझ मोठ्या फरकाने पुढे होते. त्या वेळी सत्ता बदलली नाही. तरीही पराभव झाला नव्हता असे म्हणण्याची सोय राहिली नाही, आणि ती एका कागदामुळे राहिली नाही.

आपल्याकडे तो कागद म्हणजे नमुना १७ सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष किती मते नोंदली गेली याचा हिशेब त्यात भरतात आणि त्याची प्रत मतदान प्रतिनिधींना देतात. आमच्या गटातल्या दूध संस्थेच्या सचिवांनी एकदा प्रतिनिधी म्हणून काम केले होते; त्यांनी तो नमुना फळ्यावर आखून दाखवला, यंत्राचा क्रमांक कुठे, मतदारांची एकूण संख्या कुठे, मोजणीच्या दिवशी तोच आकडा कसा जुळवून पाहायचा हे समजावले. दीड तास गेला. त्या दिवसानंतर ‘यंत्रात घोटाळा आहे’ आणि ‘यंत्रात घोटाळा होऊच शकत नाही’ ही दोन्ही वाक्ये आमच्या बैठकीत ऐकू येईनाशी झाली. त्याऐवजी ‘कागद कोणाकडे आहे’ असे विचारले जाऊ लागले.

विरोधकाच्या रकान्यात तुर्कस्तान आदर्श ठरतो, आदर्श म्हणजे अभ्यासाला. इस्तंबूलच्या महापौरपदाची निवडणूक ३१ मार्च २०१९ रोजी एक्रेम इमामोग्लू यांनी सुमारे १३,००० मतांनी जिंकली. निवडणूक मंडळाने ती रद्द ठरवली. जूनमध्ये फेरनिवडणूक झाली आणि फरक सुमारे आठ लाखांवर गेला. लोकांना पंचाचा निर्णय पटला नव्हता हे त्यांनी मतपेटीतून सांगितले. ही नोंद वहीत आनंदाने केली जाते, पण वही तिथे मिटू नये. मार्च २०२५ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून त्यांचे नाव पुढे येत असताना, विद्यापीठाने त्यांची पदवी रद्द केली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना भ्रष्टाचाराच्या आरोपांखाली ताब्यात घेतले गेले. तुर्कस्तानात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला उच्च शिक्षणाची पदवी लागते, हे माहीत असल्याखेरीज पदवी रद्द होण्याच्या बातमीचे वजन कळत नाही. अशा वेळी आरोप खरे की खोटे हे माडीवर बसून ठरवता येत नाही. परंतु असे आरोप कोणत्या पक्षाच्या माणसांवर होतात, कोणावर कधीच होत नाहीत, आणि पक्ष बदलल्यावर ते थंड पडतात का, हे तारखांवरून पाहता येते.

बातमीच्या रकान्याबद्दल थोडक्यात सांगतो. वर्तमानपत्र बंद पाडणे ही शेवटची पायरी असते. हाँगकाँगमध्ये जून २०२० च्या अखेरीस राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला आणि वर्षभरात ‘ॲपल डेली’ बंद पडला. २४ जून २०२१ च्या त्याच्या अखेरच्या अंकाच्या दहा लाख प्रती छापल्या गेल्या. त्याआधीच्या पायऱ्या शोधाव्यात : मालक कोण बदलले, सरकारी जाहिराती कोणाला मिळाल्या, कोणत्या वार्ताहरावर कोणता गुन्हा दाखल झाला.

‘चांगला राजा असेल तर?’

कोल्हापुरात हा विषय काढला आणि हा प्रश्न आला नाही, असे होत नाही. फौंड्रीवाल्या गृहस्थांनी तो दुसऱ्याच बैठकीत विचारला : ‘सर, तुमचं सगळं पटतंय. पण शाहू महाराजांनी कुणाला मतं मागितली होती? १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, शाळा सक्तीची आणि मोफत केली, धरण बांधायला घेतलं. निवडून आलेल्यांना जमलं असतं हे?’ गट चालवणाऱ्याने या प्रश्नाला बगल देऊ नये आणि विचारणाऱ्याला अडाणी समजू नये. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि सिंगापूरचे दीर्घकाळचे पंतप्रधान ली क्वान यू यांचे नाव घेऊन तोच जगभर विचारला जातो.

उत्तर देताना आम्ही तीन गोष्टी पुढे ठेवतो. पहिली अशी, की एका शाहू महाराजांच्या काळात हिंदुस्थानात पाचशेहून अधिक संस्थानिक होते, आणि त्यांतल्या किती जणांची जयंती आज लोक वर्गणी काढून साजरी करतात? राजा चांगला निघाला हे प्रजेचे नशीब होते, तो प्रजेचा अधिकार नव्हता. दुसरी गोष्ट माहितीची. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात जो दुष्काळ पडला त्यात कोट्यवधी माणसे मेली. धान्य पिकले नव्हते हे गावात सगळ्यांना दिसत होते, पण वर पाठवायचे आकडे भरघोस असावे लागत, कारण खरे सांगणाऱ्याची गत काय होते हेही सगळ्यांना माहीत होते. स्वतंत्र वर्तमानपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात असा महादुष्काळ पडलेला नाही, हे अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचे निरीक्षण इथे सांगावे. राजा कितीही चांगला असला तरी त्याला खरे सांगण्याची हिंमत कोणाला आहे, यावर त्याचे चांगलेपण टिकते.

तिसरी गोष्ट खुद्द महाराजांची आहे आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. आपली सगळी प्रजा निदान मराठी तिसरी इयत्ता शिकून तयार झाली असती, तर तिच्या हाती राज्यकारभार आनंदाने सोपवून आपण विश्रांती घेतली असती, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. सक्तीच्या शिक्षणाकडे या नजरेने पाहिले की चित्र बदलते. महाराज १९२२ साली गेले. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९३९ मध्ये, माधवराव बागल यांच्या पुढाकाराने याच संस्थानात प्रजा परिषद उभी राहिली आणि तिने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली. ती करणाऱ्यांमध्ये महाराजांना मानणारी माणसे होती. राजावर माया असणे आणि त्याच्या गादीकडे हिशेब मागणे या दोन गोष्टी कोल्हापुरात एकत्र नांदलेल्या आहेत. फौंड्रीवाल्यांना हे कितपत पटले माहीत नाही; पुढच्या रविवारी ते बागलांच्या काळातली माहिती शोधून घेऊन आले, एवढे खरे.

गुण देणाऱ्या संस्थांचे काय करावे

दरवर्षी अमुक देश लोकशाहीच्या क्रमवारीत इतका घसरला, अशा बातम्या येतात आणि घराघरांत भांडणे लावून जातात. अमेरिकेतली ‘फ्रीडम हाउस’ ही संस्था शंभरपैकी गुण देते, त्यांतले ४० राजकीय हक्कांना आणि ६० नागरी स्वातंत्र्याला असतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातला ‘व्ही-डेम’ प्रकल्प देशांची चार गटांत वाटणी करतो : बंदिस्त एकाधिकारशाही, निवडणुका घेणारी एकाधिकारशाही, निवडणुकांची लोकशाही आणि उदारमतवादी लोकशाही. २०२१ साली पहिल्या संस्थेने भारताला ‘अंशतः स्वतंत्र’ म्हटले आणि दुसऱ्या प्रकल्पाने ‘निवडणुका घेणारी एकाधिकारशाही’ या गटात टाकले. भारत सरकारने हे निष्कर्ष ठामपणे फेटाळले. अशा वेळी शिक्का मान्य की अमान्य यावर हात वर करायला लावू नये. हे गुण बरेचसे तज्ज्ञांना विचारलेल्या प्रश्नांवर आधारलेले असतात, तेव्हा ते प्रश्नच काढून वाचावेत, प्रत्येक प्रश्नाला आपल्या वहीतल्या नोंदींवरून स्वतः गुण द्यावेत आणि मगच संस्थेचे गुण पाहावेत. एका देशाची दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा त्याच देशाची दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःशी तुलना केली तर हाती अधिक लागते. क्रमवारीतल्या दोन-चार पायऱ्यांवरून हर्ष किंवा खेद करणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

स्वतःच्या देशाचे पान

हे पान लगेच उघडू नये. आधी सहा महिने परक्या देशावर हात बसवावा, आणि मग आजच्या भारतापूर्वी आणीबाणीचा सराव करावा. त्या घटनेला पुरेसा काळ लोटला आहे आणि कागदपत्रे भरपूर आहेत. पाचही रकाने तिथे भरतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी इंदिरा गांधी यांची निवड रद्द केली, २५ जूनच्या रात्री अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी पुकारली गेली, विरोधी पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, पंतप्रधानांची निवड न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९ वी घटनादुरुस्ती झाली, आणि ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे केली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी, या काळात स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले आणि पुढे ज्येष्ठता असूनही त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश नेमले गेले. आपल्या इथून दीड-दोन तासांवरच्या कराडला १९७५ च्या डिसेंबरात मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्षा दुर्गा भागवत केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असलेल्या मंडपात लेखनस्वातंत्र्यासाठी बोलल्या, आणि पुढे त्यांना अटक झाली. आमच्या गटातल्या एक वयस्कर बाई त्या वेळी कराडला नोकरीला होत्या. त्यांना भाषणातला शब्दही आठवत नाही; भाषण चालू असताना शेजारी बसलेल्या माणसाने मागे वळून कोण कोण बसले आहे ते पाहून घेतले, एवढे मात्र आठवते.

एवढे सगळे भरून झाल्यावर मूळ प्रश्नाकडे यावे. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, इंदिरा गांधी रायबरेलीतून स्वतः हरल्या, आणि त्यांनी राजीनामा दिला. जानेवारी १९८० मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. मधल्या सरकारने १९७८ साली ४४ वी दुरुस्ती करून ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढले आणि त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. एकाच पानावर इतक्या काळ्या नोंदी आणि शेवटी ही नोंद, हे कसे जुळवायचे? जुळवू नये, दोन्ही तशाच राहू द्याव्यात. वहीचा उपयोगच त्यासाठी आहे.

त्यानंतर आजचे पान उघडावे, आणि एक नियम कसोशीने पाळावा : जो रकाना केंद्राला लावला तो राज्यालाही लावायचा, जो एका पक्षाला लावला तो दुसऱ्यालाही. आपल्या आवडत्या पक्षाविरुद्ध जाणारी किमान एक नोंद प्रत्येकाने दर महिन्याला आणावी. घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे बजावले होते. ते भाषण या बैठकीत सलग वाचावे, तुकडे करून वाचू नये.

अडवणाऱ्यांची नोंद

घसरणीच्याच बातम्या जमवत गेल्यास गट खचतो आणि माणसे येईनाशी होतात, हा अनुभव आहे. म्हणून दर चौथ्या बैठकीत अडवणूक कशी झाली ते वाचावे. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष यून सुक-येओल यांनी लष्करी कायदा पुकारला. सैनिक संसदेकडे निघाले, पोलिसांनी दारे अडवली, आणि खासदार कुंपणावरून उड्या टाकून आत शिरले. संसदेतल्या कर्मचाऱ्यांनी खुर्च्या-टेबले रचून वाटा रोखून धरल्या. रात्री एकच्या सुमारास ३०० पैकी १९० सदस्य सभागृहात होते आणि त्या सगळ्यांनी लष्करी कायदा उठवण्याच्या बाजूने मत दिले. त्यांत राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचेही लोक होते. उजाडण्याआधी आदेश मागे घेतला गेला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाने एकमताने यून यांना पदावरून दूर केले. इथे आम्ही एक खेळ खेळतो : त्या रात्री आपण कोण असतो, दारावरचा पोलीस, संसदेतला शिपाई की सत्ताधारी पक्षाचा खासदार, आणि साडेदहा ते एक या अडीच तासांत आपण काय केले असते, हे प्रत्येकाने खरे खरे सांगायचे. विद्यापीठातल्या मुलींपैकी एक म्हणाली, ‘मी बहुतेक सकाळी उठून बातमी वाचली असती.’ त्या दिवशीचे सर्वांत प्रामाणिक उत्तर ते होते.

आता राहिली गटाच्या चालकाची गोष्ट. चालकाची मुदत आधीच ठरवावी आणि निवड चिठ्ठ्या टाकून गुप्त पद्धतीने करावी. आम्ही ते ठरवले नव्हते. माडी माझ्या मेहुण्यांची, वही माझी, म्हणून तीन वर्षे मीच चालक होतो, आणि कोणाला काही अडचण आहे असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या जूनमध्ये त्या दुसऱ्या मुलीने बैठक संपताना वहीचे एक कोरे पान उघडले, वर आमच्या गटाचे नाव लिहिले आणि ‘मुदत’ या रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. पुढच्या रविवारी चिठ्ठ्या टाकल्या. मला तीन मते पडली, तिला सहा. वही त्याच दिवशी तिच्याकडे गेली; चहाच्या पैशांचा हिशेब आता माझ्याकडे आहे आणि वकीलसाहेबांची बाकी अजून येणे आहे.